सुबोध : अर्थ, पर्याय आणि वापर

'सुबोध' हे विशेषण मराठीत पुस्तकाच्या परीक्षणापासून शाळेच्या प्रगतिपुस्तकापर्यंत सर्वत्र आढळते. जे विनासायास समजते ते सुबोध, असा त्याचा रूढ अर्थ. त्याच्या जागी सोपे, सुलभ, सुगम, सरळ, सहज यांपैकी कोणताही शब्द चालतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णतः खरा नाही.

'बुध्' म्हणजे जाणणे. या धातूपासून 'बोध' आणि त्याला 'सु' हा उपसर्ग लागून 'सुबोध' सिद्ध होतो. 'सु' म्हणजे येथे चांगले नव्हे, तर सहजपणे. अशा शब्दांचे एक कुटुंबच संस्कृतातून मराठीत आले आहे. करण्यास सोपे ते सुकर, मिळण्यास सोपे ते सुलभ, जाण्यास सोपे ते सुगम, वाचता येण्याजोगे ते सुवाच्य आणि जाणण्यास सोपे ते सुबोध. सोपेपणा सर्वांत समान असला, तरी क्रिया प्रत्येकात वेगळी आहे. म्हणूनच अर्जातील अक्षर सुवाच्य आणि मजकूर मात्र दुर्बोध असू शकतो.

विरुद्धार्थी शब्दही याच घडणीचे आहेत : दुष्कर, दुर्लभ, दुर्गम, दुर्बोध. जेथे पोहोचणे कठीण, तो 'दुर्ग' हाही याच कुळातला. मराठी समीक्षेत 'दुर्बोध' हा शब्द विशेष गाजला तो बा. सी. मर्ढेकरांच्या कवितेमुळे. १९४७मध्ये 'काही कविता' हा त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाल्यानंतर दुर्बोधतेचा वाद दीर्घकाळ चालला. दोष कवितेचा की वाचकाच्या तयारीचा, हा त्या वादातील कळीचा प्रश्न होता.

मूळ अर्थ काळाच्या ओघात सैल होतात. 'सुलभ' आता केवळ 'सहज मिळणारे' राहिलेले नाही. 'सुलभ हप्ते' म्हणजे फेडण्यास सोपे हप्ते. 'सुगम' रस्त्यावरून संगीतात आणि ग्रंथनामात शिरला, मो. रा. वाळंबे यांच्या व्याकरणाच्या प्रसिद्ध पुस्तकाच्या नावात तोच आहे. 'सुबोध' मात्र आपल्या अर्थाला बराच चिकटून आहे. सुबोध विवेचन, सुबोध भाषा, सुबोध भाष्य हे प्रयोग योग्य. 'सुबोध रस्ता' किंवा 'सुबोध काम' असे कोणी म्हणत नाही.

'सोपा' आणि 'सुबोध' यांतील भेद अधिक सूक्ष्म आहे. सोपा प्रश्न म्हणजे ज्याचे उत्तर सहज देता येते तो. सुबोध प्रश्न म्हणजे जो काय विचारतो ते सहज कळते तो. फर्माने १६३७च्या सुमारास मांडलेले गणिती विधान शाळकरी विद्यार्थ्यालाही समजेल इतके सुबोध आहे. त्याची अँड्र्यू वाइल्स यांनी दिलेली सिद्धता प्रसिद्ध होण्यास मात्र १९९५ साल उजाडले. व्याकरणदृष्ट्याही फरक आहे. सोपा, सोपी, सोपे अशी रूपे बदलतात; 'सुबोध' तिन्ही लिंगांत तसाच राहतो.

'प्रासादिक' हा आणखी एक जवळचा शब्द. काव्यशास्त्रातील माधुर्य, ओज आणि प्रसाद या तीन गुणांपैकी प्रसादगुण असलेली रचना ती प्रासादिक. वाळलेल्या लाकडात अग्नी पसरावा तसा तिचा अर्थ मनात पसरतो, असे मम्मटाचार्य म्हणतात. तिच्यात सुबोधतेबरोबर सौंदर्यही अपेक्षित असते. म्हणून औषधाच्या वेष्टनावरील सूचना सुबोध असावी, प्रासादिक असण्याची गरज नाही.

'बाळबोध' शब्दाचे नशीब वेगळे. मोडीच्या तुलनेत स्पष्ट असलेल्या देवनागरीला हे नाव होते. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१मध्ये मुलांसाठी सुरू केलेल्या मासिकाचे नावही 'बालबोध' होते. आज एखाद्या मांडणीला 'बाळबोध' म्हटले, तर ती ढोबळ, कच्ची असल्याची टीका ठरते. सुबोध लेखन बाळबोध असतेच असे नाही, हे म्हणूनच ध्यानात ठेवावे लागते.

पचनाशी संबंधित प्रयोगही जपून वापरावेत. 'पचायला हलके' हे अन्नाला शोभते. लेखनाला लावल्यास त्यात उथळपणाची छटा येते. 'पचनी पडणे' म्हणजे मनाला पटणे, रुचणे. निर्णय सुबोध असूनही पचनी पडत नाही, असे घडू शकते.

सुबोध लिहिणे म्हणजे आशय कमी करणे, हा गैरसमज सर्वांत घातक. 'विहित मुदतीत आवश्यक ती कार्यवाही न केल्यास दावा ग्राह्य धरला जाणार नाही' हे वाक्य भारदस्त वाटते; पण मुदत किती, कार्यवाही कोणती, हे ते सांगत नाही. 'तीस दिवसांत अर्ज केला नाही, तर भरपाई मिळणार नाही' या वाक्यात शब्द साधे आणि माहिती अधिक आहे. पहिले वाक्य वाचून घरी बसलेल्या शेतकऱ्याची भरपाई बुडू शकते. शस्त्रक्रियेपूर्वीचे संमतिपत्र, विम्याच्या अटी, जमिनीची नोटीस यांबाबतही हेच खरे. तेथे सुबोधता हा शैलीचा अलंकार नसतो. सही करणाऱ्याचा तो हक्क असतो.