अंगावर काढलेली डोकेदुखी

उमरठ म्हटलं की सुभेदार तानाजी मालुसरे आठवतात. घरचं लग्न बाजूला ठेवून ते कोंढाण्यावर गेले, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. आधी काम, मग आपलं, हे आपण बायकाही रोज करतो. पण दुखण्याच्या बाबतीत हा हिशोब महागात पडतो.

आनंदीबाई जोशींचंच बघा. जन्म १८६५ चा, माहेर कल्याणचं. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळ. ते दहा दिवसांत गेलं. बायकांना तपासायला बाई डॉक्टर नाही, आणि पुरुष डॉक्टरपुढे जायला लाज. म्हणून आपणच डॉक्टर व्हायचं त्यांनी ठरवलं. अमेरिकेला जाण्याआधी बंगालमध्ये असताना त्यांचं डोकं सतत दुखायचं, अशक्तपणा असायचा, मधूनच ताप यायचा, धाप लागायची. थिओडोसिया कार्पेंटर या अमेरिकेतल्या मैत्रिणीने औषधं पाठवली, पण गुण आला नाही. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला क्षयाने गेल्या. वय अवघं एकवीस. क्षयावर औषध तेव्हा निघालंच नव्हतं. आज ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

आता आपल्या महाडकडे या. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले. तेव्हा लाल विंचवाचं विष भिनलेल्या शंभरांतले चाळीसेक दगावत. त्यांनी प्राझोसिन ही मुळात बीपीची गोळी वापरून पाहिली. मरणारे शंभरात एकावर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण गोळी कामाला येते ती पेशंट वेळेत पोचला तर.

डोकेदुखीचंही तसंच. उन्हाने, उपाशी राहून, जागरणाने, पाळीच्या दिवसांत डोकं दुखतं. पाणी, जेवण, झोप मिळाली की बहुधा थांबतं. सुंठेचा लेप लावायलाही हरकत नाही. पण डोकं वरचेवर दुखत असेल, दिवसेंदिवस वाढत असेल, किंवा पन्नाशीनंतर नव्यानेच सुरू झालं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त गोळी लागत असेल तरीही दाखवा, कारण रोजच्या गोळीनेच डोकं दुखायला लागतं. बीपीही मोजून घ्या. ते वाढलं तरी पुष्कळदा काहीच दुखत नाही.

काही खुणा दिसल्या तर सकाळची वाट बघू नका:

• कधी नव्हे इतकं एकदम भयंकर दुखणं
• तापाबरोबर मान ताठ होणं
• तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं
• फिट येणं, शुद्ध हरपणं, नजर अंधारणं
• डोक्याला मार लागल्यावर दुखणं वाढणं, उलट्या होणं

पोटुशी किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईचं डोकं जोरात दुखलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तोंडावर सूज आली, तर दृष्ट काढत बसू नका. बीपी वाढून झटके येऊ शकतात. १०८ ला फोन लावा, आशाताईंना कळवा.

आनंदीबाईंना डॉक्टर मिळत नव्हता, म्हणून त्या सातासमुद्रापार गेल्या. आपल्याला पोलादपूरपर्यंतच जायचं आहे. या महिन्याच्या गटाच्या बैठकीत शेजारणीला एवढं जरूर विचारा, "बाई, तुझं डोकं किती दिवस दुखतंय?"