तराफा (दिल्ली परिसर)

तराफा : ओंडके, बांबू, सुके भोपळे, फुगवलेली कातडी किंवा बंद पिंपे एकत्र आवळून केलेले सपाट जलवाहन. नाव तिच्या पोकळीमुळे तरते. लाकडी तराफा लाकडामुळेच तरतो, म्हणून भोक पडून तो बुडत नाही. मात्र तो जातो प्रवाहाच्या मर्जीने. ओझे घेऊन तो उलट नेणे जवळपास अशक्य असल्याने मुक्कामी पोचल्यावर सोडून लाकूड विकणे हीच पूर्वापार रीत.

दिल्लीच्या यमुनेवरील सर्वांत नवलाची वाहतूक 14 व्या शतकातली. फिरोजशाह तुघलकाने टोपरा येथील सुमारे 13 मीटर उंचीचा अशोकस्तंभ दिल्लीला आणवला. शम्स-ए-सिराज अफीफ या इतिहासकाराने त्याचे बारकाईने वर्णन केले आहे. स्तंभ आडवा घेण्यासाठी सावरीच्या कापसाची गादी अंथरली, बोरू आणि कच्च्या कातड्यांनी तो गुंडाळला, 42 चाकी गाड्यावर चढवला आणि दोरांनी ओढत यमुनेकाठी नेला. तेथे जमवलेल्या मोठमोठ्या नावांवर तो चढवून फिरोजाबादेपर्यंत आणला. अनेक तरती वाहने मिळून एकच ओझे पेलतात, या अर्थी हे काम तराफ्याच्याच जवळचे. तो स्तंभ आजही फिरोजशाह कोटल्यावर उभा आहे.

पुढे तराफ्यांचा खरा उपयोग लाकडासाठी झाला. टोन्स आणि यमुनेच्या खोऱ्यांतला देवदार डोंगरात सुटा सोडून देत, पायथ्याशी अडवत आणि तेथून तराफे बांधून खाली आणत. रेल्वेला स्लीपर हवे झाले तेव्हा हा धंदा वाढला. पश्चिम यमुना कालव्यातूनही लाकडाचे तराफे दिल्लीकडे येत.

लढायांत नदी कोण कशी ओलांडतो, यावर बरेच काही ठरे. 10 जानेवारी 1760 रोजी मराठा सेनानी दत्ताजी शिंदे अहमदशाह अब्दालीविरुद्धच्या लढाईत यमुनेच्या बुराडी घाटावर पडले. हिवाळ्यात पाणी उतरलेले होते आणि पात्रातल्या झाऊच्या झाडीत शत्रूला लपायला भरपूर जागा होती. त्याच वर्षी मराठा फौजेचे नेते सदाशिवरावभाऊंनी इटाव्याजवळ पूल बांधण्यासाठी नावा जमवण्यास गोविंदपंत बुंदेल्यांना सांगितले होते, पण पावसाने नदी चढली आणि तो बेत राहून गेला. मराठे पश्चिम काठी, अब्दाली पूर्व काठी, अशी कोंडी झाली. ती ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दालीने फोडली : बागपतला उतार शोधून त्याने फौज पाण्यात घातली. काही माणसे वाहून गेली, पण बाकीची पार झाली आणि मराठ्यांचा दिल्लीशी संबंध तुटला. पुढे झालेल्या पानिपताच्या लढाईचे विश्लेषण करताना तोफा-घोडदळावर पाने खर्ची पडतात. या नावांना आणि उताराला त्यामानाने फार कमी जागा मिळते.

लोखंडी पूल होण्यापूर्वी सलीमगडाजवळ नावांचा पूल असे. एकमेकींना बांधलेल्या नावांवर फळ्या टाकलेला हा पूल म्हणजे दोन्ही काठांना जखडलेला तराफाच. 1857 च्या उठावात 11 मे रोजी मेरठहून आलेले शिपाई यावरूनच शहराच्या दिशेने आले. उठावातला सेनानी बख्तखान याची बरेलीची पलटणही जुलैमध्ये त्यावरूनच आत शिरली. 1860 च्या दशकात पक्का पूल झाल्यावर त्याचे महत्त्व ओसरले.

आजचा तराफा थर्मोकोलचा आहे. पॅकिंगमधून निघालेले तुकडे पोत्यात भरून, दोरीने करकचून बांधून त्यावर एक माणूस बसतो, हातात बांबू. लोक पुलावरून टाकतात त्या नाण्यांसाठी दोरीला चुंबक बांधून तो तळ चाळतो. नारळ, प्लॅस्टिकही गोळा करतो. वजिराबाद ते ओखला हा सुमारे 22 किमीचा पट्टा. उन्हाळ्यात हथनीकुंड आणि वजिराबादच्या बंधाऱ्यांवर पाणी उचलले जाते, मग येथे वाहते ते बहुतांशी नजफगड आणि इतर नाल्यांचे सांडपाणी.

पावसाळ्यात चित्र उलटते. 13 जुलै 2023 रोजी जुन्या रेल्वे पुलापाशी पातळी 208.66 मीटर झाली; धोक्याची खूण 205.33 आहे. 1978 चा 207.49 मीटरचा उच्चांक मोडला आणि खादरातल्या (पूरमैदानातल्या) वस्त्यांतून लोकांना फुगवलेल्या रबरी बोटींनी काढावे लागले. कायद्याने मात्र 2016 पासून यमुना राष्ट्रीय जलमार्ग 110 आहे.