कठीण कशाला म्हणावे?

‘कठीण’ हा शब्द दिवसातून दहा वेळा आपल्या तोंडी येतो. गणित कठीण, सुपारी कठीण, दिवस कठीण. आणि रोग्याच्या खाटेपाशी उभे राहून डॉक्टर हळूच ‘आता कठीण आहे’ म्हणतात, तेव्हा घरची माणसे काय समजायचे ते समजतात. परीक्षा घेणारी मंडळी प्रश्नपत्रिकेची ‘काठिण्यपातळी’ ठरवितात, आणि धातुशास्त्राचे पुस्तक उघडावे तर तेच ‘काठिण्य’ पोलादाच्या अंगी लावलेले दिसते. शब्द एक आणि अर्थ अनेक. यात बिघडले कोठे, असे कोणी विचारील. बिघडते ते असे की या एका शब्दाच्या अर्थावर कारखान्यात माणसाची रोजी जाते किंवा राहते. हे आम्ही पाहिलेले आहे. म्हणून काठिण्य मोजण्याची युक्ती माणसाला कशी सुचली आणि त्या मापाचा अर्थ काय, हे श्रोत्यांपुढे मांडण्याचे आम्ही ठरविले. आमचे शिक्षण यंत्रशाळेत, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कोणी ठेवू नये, पण तपासून घेतल्यावाचून आम्ही काही सांगणार नाही.

प्रथम आपल्या भाषेकडे पाहू. मराठी माणूस बोलताना मोठा काटेकोर असतो. भेंडी निबर होते, ती टणक होत नाही. हात राठ होतात, भाकरी कडक होते, लाडू टणक होतो. चहा कडक, ऊन कडक, इस्त्री कडक आणि साहेबही कडक. बाभळीचे लाकूड चिवट, पण दगडी पाटी ठिसूळ. स्वयंपाकघरातली बाई या शब्दांची अदलाबदल कधी करणार नाही. शास्त्रज्ञांना जो भेद करण्यासाठी शतके लागली, तो या शब्दांत आधीच आहे. ज्याच्यावर ओरखडा उठत नाही, खड्डा पडत नाही, ते टणक. जे घाव खाऊनही तुटत नाही, ते चिवट. टणकच्या उलट मऊ; चिवटच्या उलट मात्र मऊ नव्हे, ठिसूळ. ही दोन वेगळी मापे आहेत. तेव्हा एखादी वस्तू एकाच वेळी टणकही असेल आणि ठिसूळही असेल. खिडकीची काच घ्या. तांब्याच्या पैशाने तिच्यावर ओरखडा उठत नाही, पण पोराच्या चेंडूने ती फुटते. पुढची सारी गोष्ट या एका भेदाभोवती फिरते.

प्राचीनांनी हा भेद काही ठिकाणी पकडला, काही ठिकाणी तो निसटला. गरुडपुराणात रत्नपरीक्षेचा भाग आहे. त्यात म्हटले आहे की पृथ्वीवरच्या सर्व रत्नांवर आणि धातूंवर हिरा ओरखडा काढतो, हिऱ्यावर मात्र त्यांपैकी कोणाचाही ओरखडा उठत नाही. ही कसोटी शंभर नंबरी खरी आहे. उलट रोमचा प्लिनी याने पहिल्या शतकात लिहून ठेवले की हिरा ऐरणीवर ठेवून घण घातला तरी फुटत नाही. ही गोष्ट खोटी. हिऱ्यात फुटण्याच्या ठराविक दिशा असतात. त्या दिशेने नेमका घाव बसला की तो दुभंगतो, आणि याच गुणाच्या आधारे हिरे फोडणारे कारागीर शतकानुशतके आपला धंदा करीत आले. पुराणकाराने टणकपणा तपासला, रोमन पंडिताने चिवटपणाबद्दल ऐकीव मजकूर लिहिला. वज्र म्हणजे हिरा आणि वज्र म्हणजे इंद्राचे आयुध, असे दोन अर्थ एका शब्दात बसल्यामुळे आपल्याकडेही ‘वज्रासारखे’ म्हणजे अभंग अशी समजूत रूढ झालीच.

मोजमापाचा पहिला पद्धतशीर प्रयत्न फ्रान्समधला. रेओम्युर या शास्त्रज्ञाने १७२२ मध्ये लोखंडाचे पोलाद करण्याच्या विद्येवर ग्रंथ लिहिला. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे टणकपणा क्रमाने वाढत गेलेला दांडा घ्यायचा, आणि तपासायच्या तुकड्याने त्यावर ओरखडा कोठपर्यंत उठतो ते पाहायचे, अशी त्याची युक्ती होती.

त्यानंतर १८१२ मध्ये फ्रीडरिख मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने दहा खनिजांची शिडी मांडली. तळाशी शंखजिरे, ते नखानेही खरवडते. त्यावर जिप्सम, कॅल्साइट, फ्लोराइट, ॲपेटाइट आणि फेल्डस्पार. सातवी गारगोटी, आठवा पुष्कराज, नववा कुरुंद आणि दहावा हिरा. कुरुंद हा शब्द आपलाच. युरोपियनांनी तो या देशातून नेला आणि शास्त्रात घातला. माणिक आणि नीलम ही त्याचीच रत्नरूपे. वरच्या पायरीवरचा दगड खालच्यावर ओरखडा काढतो, एवढाच मोसचा नियम. खिशात चार खडे टाकून डोंगरात हिंडणाऱ्या भूशास्त्रज्ञाला तो आजही पुरतो.

परंतु ही शिडी आहे, फूटपट्टी नव्हे. शर्यतीत पहिला, दुसरा, तिसरा कोण ते कळले, तरी पहिला दुसऱ्याच्या किती पुढे होता हे कळत नाही. तसेच येथे. आठ आणि नऊ यांत जेवढे अंतर, तेवढेच नऊ आणि दहा यांत असेल असे कोणी समजू नये. यंत्राने मोजले तर हिरा कुरुंदाच्या सुमारे चौपट टणक भरतो.

एकोणिसाव्या शतकात आगगाडी आली, रूळ आले, तोफा आल्या आणि पोलाद टनांनी विकले जाऊ लागले. विकणारा आणि घेणारा यांच्यात तंटा होऊ लागला. ‘माल टणक आहे’ या शब्दावर व्यवहार चालेना. आकडा हवा झाला. तो स्वीडनमधल्या फागेर्स्टा लोखंड कारखान्याचा इंजिनियर योहान ऑगस्ट ब्रिनेल याने १९०० मध्ये दिला. दहा मिलिमीटर व्यासाची टणक गोळी तीन हजार किलो वजनाने धातूवर दाबायची, काही सेकंद तशीच ठेवायची, आणि उरलेल्या खळग्याची रुंदी मोजायची. वजनाला खळग्याच्या क्षेत्रफळाने भागले की ब्रिनेल अंक मिळतो. यात ओरखडा नाही. येथे काठिण्य म्हणजे कायमचा खड्डा पडू न देण्याची ताकद.

ही पद्धत चांगली, पण सावकाश चालणारी. शिवाय फार टणक पोलादावर गोळी स्वतःच चपटी होई. अमेरिकेत कनेटिकट संस्थानात बॉल बेअरिंगच्या कारखान्यात ह्यू रॉकवेल आणि स्टॅनली रॉकवेल या दोघांनी १९१४ मध्ये एका यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि ते १९१९ मध्ये मंजूर झाले. आधी थोडे वजन, मग मोठे वजन, आणि टोक किती खोल गेले ते थेट तबकडीवर वाचायचे. टणक पोलादासाठी गोळीऐवजी हिऱ्याचा शंकू. १९२१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये व्हिकर्स कंपनीच्या स्मिथ आणि सँडलंड यांनी हिऱ्याचा चौकोनी मनोरा वापरला. आज यंत्रशाळेत ‘रॉकवेल किती?’ असे विचारतात ते या परंपरेतून.

आता एक गंमत पाहा. रबराच्या तुकड्यावर गोळी दाबली आणि उचलली, तर खळगा भरून येतो. मागे काही उरत नाही. मग ब्रिनेलच्या हिशेबाने रबर पोलादाहून टणक ठरावे काय? अर्थात नाही. रबरासाठी टोक दाबलेले असतानाच खोली वाचणारे वेगळे यंत्र लागते. तात्पर्य, काठिण्य हा वस्तूच्या पोटात दडलेला एकच गुण नाही. तुम्ही वस्तूला जो प्रश्न विचाराल, त्याचेच उत्तर ती देते.

पाण्याचेही तसेच. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ लवकर शिजत नाही त्याला आपण जड पाणी म्हणतो. इंग्रज त्यालाच कठीण पाणी म्हणतात. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. अबर्डीनचे प्राध्यापक टॉमस क्लार्क यांनी १८४१ मध्ये चुन्याने ते पाणी ‘मऊ’ करण्याचे पेटंट घेतले, आणि किती साबण घातल्यावर फेस टिकतो यावरून त्याचे काठिण्य मोजण्याची रीतही दिली. हे पाणी बॉयलरच्या नळ्यांत दगडासारखा थर धरते, हे गिरणीतल्या प्रत्येक फायरमनला ठाऊक असे. अणुभट्टीतले ‘जड पाणी’ मात्र निराळेच. त्याचा साबणाशी काही संबंध नाही.

पुन्हा पोलादाकडे येऊ. लोहार विळ्याला धार काढण्यापूर्वी तो लाल करून पाण्यात बुडवितो, त्याला ‘पाणी देणे’ म्हणतात. ‘त्याचे पाणी जोखले’ असे आपण माणसाबद्दलही म्हणतो. पण नुसते पाणी दिलेले पोलाद टणक होते तसेच ठिसूळही होते. म्हणून जाणता लोहार ते पुन्हा बेताने तापवितो, पिवळसर ते निळा असा रंग पाहून थांबतो. कारखान्यात याला टेंपरिंग म्हणतात. यात थोडा टणकपणा जातो आणि त्याच्या मोबदल्यात चिवटपणा येतो. टणकपणाचे यंत्र हा चिवटपणा सांगत नाही. त्यासाठी खाच पाडलेल्या तुकड्यावर लंबकाचा घाव घालण्याची रीत फ्रान्सच्या जॉर्ज शार्पी यांनी १९०१ च्या सुमारास पक्की केली. तिची किंमत जगाला उशिरा कळली. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेत पोर्टलंड येथे ‘स्कनेक्टडी’ हे नवे कोरे तेलवाहू जहाज शांत पाण्यात धक्क्याला उभे असताना मोठा आवाज होऊन जवळजवळ दोन तुकडे झाले. पोलाद मऊ नव्हते. थंडीत ते ठिसूळ झाले, आणि जोडकामापाशी सुरू झालेली चीर कोठे थांबली नाही.

आमच्या अनुभवातली एक हकीकत येथे सांगणे जरूर आहे. एका कारखान्यातून गेलेले दातेरी दांडे गिऱ्हाइकाकडे तुटू लागले. व्यवस्थापनाने म्हटले, माल कच्चा राहिला, भट्टीवरच्या लोकांनी नीट पाणी दिले नाही. चौघांना आरोपपत्रे मिळाली, एका पाळीची बोनसाची रक्कम अडली. सभेत कामगार संतापले होते आणि ताबडतोब काम बंद करा असा आग्रह होता. युनियनने मागणी केली ती एवढीच, की तुटलेले तुकडे सर्वांसमक्ष रॉकवेल यंत्रावर ठेवावेत. नकाशावर पन्नास ते चोपन्न असा अंक दिला होता. तुकडे एकोणसाठ आणि साठ निघाले. म्हणजे माल कच्चा नव्हता, अति टणक होता. पाणी पुरेपूर दिले होते, कमी पडले होते ते टेंपरिंग. भट्टीच्या नोंदवहीत पाहिले तर टेंपरिंगची वेळ निम्म्यावर आणल्याचा वरचा हुकूम होता. महिन्याचे उत्पादन वाढवायचे होते. आरोपपत्रे मागे घेतली गेली आणि रक्कम मिळाली. ‘कच्चा’ या एका सैल शब्दावर चार घरांची चूल विझली असती.

यावरून आम्ही दोन गोष्टी धरून आहोत. पहिली, जो आकडा सर्वांना दिसेल अशा रीतीने मोजला जातो, तो गरिबाचा मित्र आहे. ‘हे काम हलके, ते काम कठीण’ असे ठरवून जेव्हा पगाराच्या श्रेणी बांधतात, तेव्हा कामगाराने विचारलेच पाहिजे, की कशाने मोजले? उचललेल्या वजनाने, की भट्टीच्या उष्णतेने, की आठ तास डोळ्यात तेल घालून बसण्याने? माप बदलले की उत्तर बदलते, हे रबराने आपल्याला शिकविले.

दुसरी गोष्ट आमच्या चळवळीची. आमच्यात कडक पुढाऱ्याला टाळ्या पडतात. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप सुरू केला. त्यांच्यात टणकपणा कमी होता असे कोणी म्हणू नये. वर्ष उलटले तरी ते वाकले नाहीत, आणि तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. परंतु गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या आणि हजारो माणसे कोकणात, घाटावर आपापल्या गावी परतली. त्या लढ्याचा न्याय करण्याचे हे स्थळ नव्हे, आणि दोष एकट्या कामगारांचा तर मुळीच नव्हे. पण त्यातून एक प्रश्न उरतोच. संघटनेला पाणी किती द्यावे आणि पुन्हा बेताने कधी तापवावे, कोठे अडून बसावे आणि कोठे घाव अंगात जिरवावा, याचा विचार लढा सुरू होण्याआधी व्हायला हवा. दांडा तुटल्यावर टेंपरिंग करता येत नाही.

शास्त्राला टणकपणासाठी एक यंत्र लागते आणि चिवटपणासाठी दुसरे. मराठीत मात्र दोन्ही गुण ज्याच्या अंगी आहेत त्याच्यासाठी ‘कणखर’ हा शब्द आहे. तो आपण सढळ हाताने वापरतो. यापुढे कोणाला तो लावताना दोन्ही परीक्षा झाल्या आहेत की नाही, एवढे पाहावे, इतकीच आमची विनंती आहे.