नांगराशिवाय मका

मक्याचा जन्म नांगर नसलेल्या प्रदेशात झाला. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी आजच्या मेक्सिकोतील बाल्सास नदीच्या खोऱ्यात टिओसिंटे या रानगवतापासून हे पीक माणसाळले. तिथे ओढकामाची जनावरे नव्हती. टोकदार काठीने भोक पाडून दाणे टाकायचे आणि माती लोटायची, अशी टोकणी हजारो वर्षे चालली. मक्याच्याच ओळींत घेवडा आणि भोपळा लावत. भोपळ्याची पाने जमीन झाकत, घेवड्याच्या मुळांवरच्या गाठी नत्र पुरवत. जमीन कमीत कमी हलवणे, ती झाकलेली ठेवणे आणि पिकांची विविधता राखणे, ही आजच्या संवर्धित शेतीची तिन्ही सूत्रे या शेतीत होती. नांगर तिथे पोहोचला तो सोळाव्या शतकात, स्पॅनिश लोकांबरोबर.

उत्तर अमेरिकेत मका आणि नांगर यांची जोडी एकोणिसाव्या शतकात पक्की झाली. इलिनॉयमधील लोहार जॉन डीअर याने १८३७ मध्ये पोलादी नांगर बनवला. गवताळ प्रदेशाची चिकट काळी माती त्याला चिकटत नसे, त्यामुळे अफाट जमीन लागवडीखाली आली. पुढे ट्रॅक्टर आले आणि नांगरटीचा वेगही वाढला. त्याची किंमत १९३० च्या दशकात दिसली. दुष्काळ पडला तेव्हा कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सास परिसरातील उघडी, भुसभुशीत माती वाऱ्याबरोबर उडाली. मे १९३४ मधील वादळाची धूळ पूर्व किनाऱ्यापर्यंत पोहोचली. १९३५ मध्ये मृदसंधारणाचा कायदा झाला आणि ह्यू हॅमंड बेनेट यांच्या नेतृत्वाखाली मृदसंधारण सेवा उभी राहिली. एडवर्ड फॉकनर यांनी १९४३ मध्ये ‘प्लाऊमन्स फॉली’ या पुस्तकातून फाळाने जमीन उलथण्याच्या प्रथेवरच हल्ला चढवला.

फॉकनर यांचा विचार लगेच शेतात उतरला नाही. नांगरटीचे एक मोठे काम तण मारण्याचे होते आणि त्याला पर्याय नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर तणनाशके आली. १९५० च्या दशकाअखेरीस आलेले अ‍ॅट्राझीन मका सहन करतो, बरीच तणे मात्र मरतात. त्यामुळे बिननांगरटीच्या प्रयोगांसाठी मका हे सोयीचे पीक ठरले. १९६२ मध्ये केंटकीतील हर्नडन येथे हॅरी यंग यांनी एक एकराहूनही लहान तुकड्यात न नांगरता मका पेरला. अमेरिकेतील व्यापारी बिननांगरट शेतीची सुरुवात याच तुकड्यापासून मानली जाते. १९७३ च्या तेलसंकटात खनिज तेलाचे भाव काही महिन्यांत चौपटीच्या घरात गेले आणि मातीसाठी सुरू झालेली पद्धत इंधनासाठीही महत्त्वाची ठरली.

या पद्धतीत पाणी कसे वाचते, हे मक्याच्या वाढीकडे पाहिले की कळते. मक्याच्या दोन ओळींत साधारण ६० ते ७५ सेंटिमीटर अंतर असते. पहिला महिनाभर रोपे लहान असतात आणि ओळींमधली जमीन उन्हात उघडी पडते. या काळात जमिनीतले बरेचसे पाणी पिकाच्या उपयोगी न पडता थेट वाफ होऊन जाते. मागच्या पिकाची धसकटे, पाला आणि ताटे जमिनीवर राहिली तर ऊन आणि वारा मातीपर्यंत पोहोचत नाही आणि वाफसा जास्त दिवस टिकतो. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटला की बारीक कण सुटून छिद्रे बुजतात आणि वर पापडी धरते. आच्छादनावर पडलेला थेंब फुटून हळूहळू जिरतो. जुन्या मुळांनी आणि गांडुळांनी केलेली बिळे न मोडल्याने पाणी खोलवर जाते. तुरा आणि कणसाचे केसर बाहेर पडण्याच्या दिवसांत मक्याला ताण बसला तर दाणे भरत नाहीत. खोलवर साठलेली ओल नेमकी याच वेळी कामी येते. एक हेक्टरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर. ५० मिलिमीटरची एक पाळी वाचली तर ५ लाख लिटर पाणी वाचते, शिवाय ते उपसण्याची वीजही.

ऊर्जेचा हिशेबही असाच उलगडून पाहावा लागतो. भारतीय अभ्यासांत एक लिटर डिझेल ५६.३ मेगाज्यूल आणि एक किलो नत्र ६०.६ मेगाज्यूल धरले जाते. हेक्टरी १५० किलो नत्र दिले तर त्यातच सुमारे १६० लिटर डिझेलइतकी ऊर्जा खर्ची पडते. म्हणून नांगरटीचे इंधन वाचवणे ही केवळ सुरुवात आहे. खरी बचत होते ती फेरपालटीत मूग, हरभरा किंवा धैंचा आल्याने खताची गरज घटते तेव्हा आणि पंप कमी तास चालतो तेव्हा.

केंटकीतला प्रयोग पाहून ब्राझीलमधील पाराना राज्याचे शेतकरी हर्बर्ट बार्ट्झ यांनी १९७२ मध्ये रोलांदिया येथे न नांगरता सोयाबीन पेरले. मुसळधार पावसात वाहून जाणारी माती रोखणे हा त्यांचा हेतू होता. १९७९ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी ‘गांडूळ क्लब’ स्थापन केला आणि प्रसाराचे काम स्वतःच्या हाती घेतले. मक्याला याचा मोठा लाभ झाला. सोयाबीन निघताच मशागतीत दिवस न घालवता मका पेरता येऊ लागला आणि सरत्या पावसावर दुसरे पीक उभे राहिले. ‘साफ्रिन्या’ म्हणून ओळखला जाणारा हा मका आज ब्राझीलच्या एकूण मका उत्पादनाचा मोठा हिस्सा आहे. त्याच १९७० च्या दशकात नायजेरियातील इबादान येथे भारतीय वंशाचे मृदाशास्त्रज्ञ रतन लाल यांनी बिननांगरट आणि आच्छादनाचे प्रयोग केले. उष्ण कटिबंधातील मुसळधार पावसातही धूप रोखता येते हे त्यातून दिसले. २०२० चे जागतिक अन्न पारितोषिक त्यांना मिळाले.

भारतात मका पोर्तुगीजांमार्फत आला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पंजाबात मका-गहू ही जुनी फेरपालट होती. १९७० च्या दशकात तिथे साडेपाच लाख हेक्टरहून अधिक मका होता. भाताने त्याची जागा घेतली आणि क्षेत्र एक लाख हेक्टरच्या आसपास उरले. भूजल इतके खाली गेले की २००९ मध्ये भाताची लावणी लवकर करण्यावर कायद्याने बंदी घालावी लागली. दरम्यान १९९० च्या दशकात पंतनगर विद्यापीठात विनामशागत पेरणीयंत्र विकसित झाले आणि गव्हात ते रुजले. पुढे आलेले ‘हॅपी सीडर’ पेंढा न जाळता त्यातूनच पेरणी करू लागले. दिल्लीत भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या आणि लुधियानाजवळील लाढोवाल येथे बोर्लॉग संस्थेच्या प्रक्षेत्रांवर मका-गहू-मूग अशी फेरपालट कायमस्वरूपी गादीवाफ्यांवर तपासली गेली. मक्याला पाणी लागते, पण साचलेले पाणी सोसत नाही. गादीवाफ्यावर मुळे कोरडी राहतात आणि सरीतून मोजके पाणी देता येते. जमिनीखाली ठिबक नळ्या टाकल्यावर पाण्याची बचत आणखी वाढली.

महाराष्ट्रात हा विचार शेतकऱ्यांच्या अनुभवातून आला. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनी उसात विनानांगरणीची शेती केली आणि त्यावर सातत्याने लिहिले. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी चिखलणी टाळणारे सगुणा तंत्र मांडले. गादीवाफे मोडायचे नाहीत आणि पिकाची मुळे जमिनीतच कुजू द्यायची, हा त्याचा गाभा पुढे मका आणि कापसापर्यंत पोहोचला.

या इतिहासात अपयशही आहे. २०१५ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात ६१० अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. केवळ नांगर थांबवला तर उत्पादन घटते. आच्छादन आणि फेरपालट यांची जोड दिली की ही घट कमी होते आणि कोरडवाहू, कमी पावसाच्या भागात उत्पादन वाढूही शकते, असे त्यातून दिसले. तणनाशकांवरचे अवलंबित्व हा दुसरा प्रश्न आहे. झाकलेली जमीन आणि बदलती पिके यांनीच ते कमी होते. भारतात मक्याची ताटे जनावरांच्या वैरणीला जातात किंवा बांधावर जाळली जातात. वैरणीपुरती ताटे नेऊन उरलेली शेतात राखली, तरच नांगर न घालण्याचा फायदा पदरात पडतो. नांगर सोडून ताटेही उचलली, तर डिझेल वाचेल, पण पाणी वाचणार नाही.