कायद्यातील पीएच.डी. : प्रवेशापासून मौखिक परीक्षेपर्यंत

कोल्हापूर : मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये येथे सुरू झाल्याने वकिलीचे क्षेत्र विस्तारले. कायद्यातील संशोधनाची वाट मात्र वेगळी आहे. शिवाजी विद्यापीठासह देशातील विद्यापीठांना त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची २०२२ ची नियमावली लागू आहे.

पात्रता : सर्वसाधारणपणे एलएल.एम.ला किमान ५५ टक्के गुण हवेत. राखीव प्रवर्ग, दिव्यांग व आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्के सवलत आहे.

प्रवेश : विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेस ७० आणि मुलाखतीस ३० टक्के भार असतो. २०२४ पासून ‘नेट’चे गुणही ग्राह्य धरता येतात.

अभ्यासक्रम : संशोधनपद्धतीसह १२ ते १६ श्रेयांकांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. दर सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते.

मुदत : किमान तीन, कमाल सहा वर्षे. फेरनोंदणीने दोन वर्षे वाढतात. महिलांना आणखी दोन वर्षे मिळू शकतात. नोकरदारांना कार्यालयाच्या ना-हरकत प्रमाणपत्रावर अर्धवेळ संशोधन करता येते.

प्रबंध : वाङ्मयचौर्य तपासणीनंतर प्रबंध दोन बाह्य परीक्षकांकडे जातो, शेवटी खुली मौखिक परीक्षा होते. शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती आयोगाने २०२२ मध्ये वगळली. त्यामुळे आता सारी भिस्त प्रबंधाच्या स्वतंत्र मांडणीवर आहे.