आपण मत कुणाला देतो आणि का देतो?



मी १९७३ साली मुंबईहून नर्सिंगचा डिप्लोमा घेऊन अलिया केली. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला क्नेसेटची निवडणूक झाली. सकाळी मोठे दीर घरी आले आणि त्यांनी माझ्या हातात एक पेतेक ठेवला, म्हणजे मताची चिठ्ठी. म्हणाले, "आपल्याला काम, घर यांच्याचमुळे मिळालं. हाच लिफाफ्यात टाक." मी टाकला. का, कशासाठी, काही विचारलं नाही. पुढे चाळीस वर्षं दवाखान्यात सगळ्या एदांची माणसं पाहिली आणि कळलं की असा पेतेक घराघरात दिला जात होता. एदा, लिंग आणि गट यांचा मतावर कसा परिणाम होतो, ते या देशाच्या इतिहासातून सांगते.

काम आणि औषध

राज्य स्थापन झाल्यापासून १९७७ पर्यंत, म्हणजे २९ वर्षं, मापाई आणि तिच्यातून पुढे आलेला मजूर पक्ष यांचंच सरकार होतं. या पक्षाचे नेते बहुतेक युरोपातून आलेले अश्केनाझी. मोरोक्को, इराक, येमेन आणि भारतातून आलेले लोक माबारात आणि नव्या वसाहतींत राहिले. तिथे हिस्ताद्रुतच्या ओळखीवाचून काम मिळणं कठीण. औषधाचंही तसंच. सगळ्यात मोठी कुपत होलिम, क्लालीत, हिस्ताद्रुतच्या सभासदांसाठी होती. सभासदाचं पुस्तक असेल तर डॉक्टर. राष्ट्रीय आरोग्य विम्याचा कायदा १९९५ च्या १ जानेवारीला लागू झाला, तेव्हा ही गाठ सुटली. ज्याच्या हातात आपल्या मुलाचं औषध, त्याला नाही कसं म्हणायचं? माझ्या दिरांचं म्हणणं भीतीतून आलेलं होतं, तसंच उपकाराच्या जाणिवेतूनही. दोन्ही खरं होतं.

म्हणूनच नुसता राग आला म्हणून मत लगेच बदलत नाही. १९५९ च्या जुलैत हैफाच्या वादी सालीब वस्तीत मोरोक्कन लोकांचा मोठा उद्रेक झाला. पण त्याच वर्षी नोव्हेंबरच्या निवडणुकीत मापाईला ४७ जागा मिळाल्या. उत्तर आफ्रिकेच्या लोकांनी स्वतःची यादी उभी केली होती, तिला एकही जागा मिळाली नाही. १९७३ साली 'काळे चित्ते' या मिझराही तरुणांच्या यादीचंही तेच झालं.

राग मतपेटीत उतरला तेव्हा

१७ मे १९७७ रोजी लिकूदला ४३ आणि मजूर पक्षाच्या माआराखला ३२ जागा मिळाल्या. मेनाखेम बेगिन पंतप्रधान झाले. बेगिन स्वतः पोलंडचे अश्केनाझी, तरी मिझराही लोकांना ते आपले वाटले, कारण त्यांनाही मापाईने वर्षानुवर्षं बाहेर ठेवलं होतं. माणूस नेहमी आपल्याच जातीच्या माणसाला मत देतो असं नाही बरं का. पुष्कळदा आपला मान राखेल त्याला देतो. अर्थात हा बदल एकट्या मिझराहींनी केला नाही. त्याच निवडणुकीत दाश या नव्या पक्षाला १५ जागा मिळाल्या, आणि ती मतं पुष्कळशी माआराखच्या जुन्या सुखवस्तू अश्केनाझी मतदारांची होती.

१९८१ ची निवडणूक पुष्कळांना आठवत असेल. मतदान ३० जूनला होतं. तीन दिवस आधी तेल अवीवमध्ये माआराखच्या सभेत दुदु तोपाझ या नटाने लिकूदच्या लोकांसाठी 'चखचखिम' हा शब्द वापरला. तो शब्द मिझराहींना हिणवणारा होता. दुसऱ्या दिवशी त्याच चौकात बेगिन यांनी उत्तर दिलं. निकाल लागला तो लिकूद ४८, माआराख ४७. एका शब्दाने निवडणूक फिरली असं कुणी ठामपणे सांगू शकणार नाही, पण अपमान माणूस किती काळ लक्षात ठेवतो ते आजही त्या शब्दाच्या आठवणीवरून दिसतं.

एदांच्या स्वतःच्या याद्या

१९८४ साली रब्बी ओवादिया योसेफ यांच्या मार्गदर्शनाखाली शास पक्ष उभा राहिला. पहिल्या वेळी ४ जागा, १९९९ मध्ये १७. शाळा, बालवाड्या, गरिबांना मदत आणि सेफार्दी मान यांवर तो वाढला. रशियातून आलेल्यांच्या इस्राएल बाअलिया पक्षाला १९९६ मध्ये ७ जागा मिळाल्या. २०१५ मध्ये अरबांच्या मुख्य पक्षांनी एकत्र यादी करून १३ जागा मिळवल्या. त्यांच्या एकत्र येण्याचं एक मोठं कारण म्हणजे मतांची किमान अट. ती पूर्वी १ टक्का होती, पुढे वाढत २०१४ मध्ये ३.२५ टक्के झाली. २०२२ मध्ये मेरेत्झ पक्ष चार हजारांपेक्षा कमी मतांनी या अटीखाली राहिला आणि क्नेसेटबाहेर गेला.

बायकांचं मत

१९२० साली राज्यापूर्वीच्या प्रतिनिधी सभेची पहिली निवडणूक झाली. बायकांना मत होतं, पण हरेदींना ते मान्य नव्हतं. म्हणून त्यांच्या वेगळ्या केंद्रांत फक्त पुरुषांनी मत दिलं आणि प्रत्येक पुरुषाचं मत दोन धरलं गेलं. म्हणजे घरातल्या बाईचं मत नवऱ्याच्या नावे मोजलं! राज्य झाल्यावर १९४९ च्या पहिल्या क्नेसेटमध्ये वित्सो या स्त्रियांच्या यादीला एक जागा मिळाली. राखेल कोहेन-कागान निवडून आल्या. १९६९ मध्ये गोल्डा मेयर पंतप्रधान झाल्या. पण १९७७ साली स्त्रियांचा वेगळा पक्ष उभा राहिला तेव्हा त्याला एकही जागा मिळाली नाही. मला यात नवल वाटत नाही. बाई नुसती बाई नसते. ती कुणाची आई असते, कुठल्या तरी एदाची असते, डिमोनाची किंवा तेल अवीवची असते. मत देताना हे सगळं तिच्याबरोबर पडद्याआड जातं.

आपण बेने इस्राएल

आपली स्वतःची यादी कधी निवडून येणं शक्य नाही. २०२२ मध्ये किमान अट साधारण १ लाख ५५ हजार मतांची होती. आपण लहान मुलांसकट सगळे मोजले तरी तितके भरत नाही. म्हणून आपलं काही वजन नाही, असं समजू नका. १९६२ साली मुख्य रब्बीनातने आपल्या लग्नांबाबत पिढ्या तपासण्याचा आदेश काढला. आपल्या लोकांनी पक्ष काढला नाही. ते एकत्र येऊन येरुशलाइममध्ये ठाण मांडून बसले. गोरे-काळे हा आपल्यातला जुना भेद तेव्हा कुणी विचारला नाही. १७ ऑगस्ट १९६४ ला क्नेसेटने आपल्या बाजूने ठराव केला आणि महिनाअखेर रब्बीनातने आदेश बदलला.

दुसरी जागा म्हणजे नगरपालिका. १९७८ पासून महापौर थेट निवडला जातो. अश्दोद, बेर शेवा, लोद, रामला, डिमोना इथे सिनेगॉगला जागा, म्हाताऱ्यांचा क्लब, दवाखान्याला जाणारी बस, हे सगळं तिथे ठरतं. तिथे काही शे मतंही मोजली जातात.

एक नर्स म्हणून शेवटचं सांगते. दृष्टी कमी असेल किंवा हात थरथरत असेल, तर मतदान केंद्रात मदतीला सोबती नेता येतो. सोबती आपल्या विश्वासाचा निवडा आणि अक्षर तुम्ही सांगा, त्याने सांगू नये. मुलगा, जावई, शेजारी, कुणाचंही ऐका, पण पडद्याआड स्वतःचंच मत द्या. १९७७ मध्ये दीर पुन्हा पेतेक घेऊन आले होते. मी तो घेतला, आभार मानले, पर्समध्ये ठेवला आणि केंद्रात जाऊन तिथल्या चिठ्ठ्यांतून माझी मी उचलली. कुठली, ते त्यांना सांगितलं नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. मत गुप्त असतं.