चेहऱ्यावरचे वण

इतिहासाची साधने म्हटली की आपल्याला ताम्रपट, शिलालेख आणि बखरी आठवतात. बुलढाणा जिल्ह्यापुरते बोलायचे, तर सिंदखेडराजाचा जाधवांचा वाडा किंवा लोणारची देवळे डोळ्यांपुढे येतात. परंतु गेल्या पिढीपर्यंत या जिल्ह्याच्या आठवडी बाजारांतून आणखी एक साधन चालतेबोलते हिंडत असे. ते म्हणजे देवीच्या वणांनी भरलेला माणसाचा चेहरा.

या रोगाला आपण रोग म्हटलेच नाही. त्याला 'देवी' म्हटले, 'माता' म्हटले. घरात देवी आल्या की दाराला कडुनिंबाचा डहाळा लागे, फोडणी बंद होई, शितळेला दहीभाताचा नैवेद्य जाई. आजारी मूल वेगळे ठेवण्याचे शहाणपण त्या रिवाजात होते. पण देवीला टोचून अडवायचे कसे, ही भीतीही त्यातच होती. या रोगाच्या उग्र प्रकाराने शंभरांतले सुमारे तीस दगावत, आणि जे वाचत त्यांतल्या ६५ ते ८० टक्क्यांच्या अंगावर खोल वण राहत. मुलगा असला तर ते वण सरकारी कागदावर 'ओळखीची खूण' म्हणून लिहिले जात. मुलगी असली तर तेच तिच्या लग्नाच्या बोलण्यात अडसर होऊन बसत. एकाच रोगाचे हे दोन हिशेब!

हे वण अंगापेक्षा तोंडावरच अधिक का? आपल्या त्वचेत तेल स्रवणाऱ्या सूक्ष्म ग्रंथी असतात आणि त्यांची दाटी चेहऱ्यावर फार. देवीचा विषाणू या ग्रंथींचा नाश करी. मग त्या जागी भरून येणारे मांस आकसे आणि वर खड्डा राही.

या संकटावरचा उतारा आपल्या किनाऱ्यावर लवकर पोहोचला होता. जेन्नरने १७९६ साली गोस्तन देवीची लस सिद्ध केली. ती बगदाद-बसऱ्याच्या वाटेने मुंबईस आली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला तो १८५३ साली, म्हणजे त्यानंतर अर्धशतकाने. स्वतंत्र भारताने १९६२ साली देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, आणि १९७५ च्या मे महिन्यात देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला. जगातून देवी गेल्याची घोषणा १९८० सालची.

पण रोग गेला हे सिद्ध कसे करायचे? येथे ते वणच साक्षीदार झाले. तपासनीस गावोगाव मुलांचे चेहरे पाहत. एखाद्या वयाखालच्या एकाही मुलाच्या तोंडावर वण नाही, तर तितकी वर्षे त्या गावात देवी फिरकली नाही, असा त्याचा अर्थ. ज्या खुणेची लाज वाटे, तिच्या अभावानेच विजयाची ग्वाही दिली!

आता चेहऱ्यावरचे खड्डे दिसतात ते बहुधा तारुण्यपीटिकांचे. आश्चर्य असे की मूळ जागा तीच, ती तैलग्रंथी. तिचे तोंड बुजते, आत जंतू वाढतात, दाह होतो, ग्रंथीची भिंत फुटते आणि त्वचेला आधार देणारे तंतू नष्ट होतात. भरपाई कमी पडली तर खड्डा, प्रमाणाबाहेर झाली तर उंचवटा. सुश्रुतसंहितेने यांना 'मुखदूषिका' म्हणून काटेसावरीच्या काट्याची उपमा दिली आहे. जखमेच्या साठ उपक्रमांत काळा वण उजळ करणे आणि पांढरा वण काळा करणे यांचीही गणना तिने केली आहे. म्हणजे वणाचे दुःख आजचे नव्हे.

उपायांचाही इतिहास आहे. जर्मनीत क्रोमायर याने १९०५ साली फिरत्या यंत्राने त्वचा घासून खड्डे उथळ करण्याची रीत सांगितली. आता खालचे चिकटलेले धागे सुईने सोडवतात, बारीक सुयांनी किंवा लेसरने नवे तंतू वाढवतात, अरुंद खड्ड्यात आम्लाचा थेंब सोडतात. मात्र कोणताही उपाय त्वचा पूर्ववत कोरी करीत नाही; आणि आपल्या सावळ्या वर्णावर अतिरेक झाला तर जागा अधिकच काळवंडते. नुसता काळा डाग हा खड्डा नव्हे; तो उन्हापासून जपल्यास बहुधा काही महिन्यांत फिकटतो. खरा उपाय दाह चालू असतानाच करावयाचा: पुटकुळी फोडू नये, कोणाच्या सांगण्यावरून दुकानातले मलम चोळू नये, लवकर वैद्य गाठावा.

देवीनेही हाच धडा दिला होता. वण पुसता आले नाहीत, पण ते पडूच न देणे माणसाला साधले. त्या लढाईत मात्र वण असलेल्या मुलीला आपण उगाच पराभूत ठरविले. आज मुरुमांच्या खड्ड्यांमुळे आरसा टाळणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत तरी तो अन्याय पुन्हा घडू नये.